ठमीची कापसाची गादी

संख्याशास्त्र शिकायला समुद्र कशाला लागतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या ठमीला तीन विद्यापीठांनी घेतलं होतं. एक आमच्याच गावचं, बसने अर्ध्या तासावर. दुसरं मोठ्या शहरातलं. तिथे माझा मुलगा आणि सून राहतात, म्हणजे राहायची, जेवायची सगळी सोय. आणि तिसरं पार तिकडे समुद्राच्या काठाला, जिथे आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही. पोरीने बोट ठेवलं ते नेमकं तिसऱ्यावर. "अगं, लाटा मोजणार आहेस का तिथे बसून?" मी म्हटलं. तर हसून म्हणते कशी, "आत्या, तिथल्या ग्रंथालयाच्या खिडकीतून पाणी दिसतं." झालं! हे कारण!

मी तिच्या बापाकडे बघितलं, म्हटलं आता हा तरी चार शब्द बोलेल. ठमीचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. गाद्या भरायचा त्याचा धंदा. भुवयांवर, कानांवर, मिशीवर कायम कापूस. आणि बोलायची वेळ आली की हा मिठाची गुळणी धरणार. "जाऊ दे की ताई," एवढंच म्हणाला, "तिला आवडलंय ना."

त्याचं दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. मागे पिंजायचं यंत्र, पुढे जमिनीवर भराई. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, "कुशीवर झोपता की पाठीवर?" लोक लाजायचे. एक नवीन लग्न झालेला मुलगा तर उत्तर न देताच पळाला होता. फोमची गादी मागायला कुणी आलं तर हा त्याला दारापर्यंत सोडायला जायचा आणि समोरचं दुकान दाखवायचा. वर "चांगला माणूस आहे तो" अशी शिफारसही करायचा. मी कपाळाला हात लावायची.

त्याची बायको होती तोवर दोघं मिळून टाके घालायचे. गादीच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ती. याने सुई खुपसायची, तिने ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि परत पाठवायची. बोलायची मात्र एकटी तीच. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाचं काय चाललंय, सगळं. हसायलाही तीच. ठमी शाळेत लहान इयत्तेत होती तेव्हा माझी ही भावजय गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यानंतर दुकानात यंत्राचा तेवढा आवाज उरला.

भावजय ज्या गादीवर झोपायची, ती तिने स्वतः पिंजलेली, स्वतः भरलेली होती. लग्नानंतर दोघांनी मिळून टाके घातलेली पहिली गादी. माझ्या भावाने ती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. स्वतः झोपला नाही, विकली नाही, उसवलीही नाही. आमच्या धंद्यात जुना कापूस कुणी टाकत नाही. पिंजला की पुन्हा फुलतो, नव्यात मिसळतो आणि पुढची गादी होते. पण या कापसाला त्याने हात लावू दिला नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, कसर लागेल." तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हणजे एरवीपेक्षाही कमी बोलला.

ठमीची जायची तयारी चालू होती तेव्हा तिने मला खरं कारण सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होतो आम्ही. म्हणाली, "आत्या, इथे मी सगळ्यांना आई नसलेली पोर आहे. दुकानात आलेली प्रत्येक बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि उसासा टाकते. मला एकदा अशा गावात राहायचंय जिथे हे कुणालाच माहीत नाही. तिथे मी नुसती मी असेन." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले आणि मधेच थांबवला.

हे मी भावाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ठमी मैत्रिणींना भेटायला गेली, तसा दुकानाचं दार आतून लावून तो माळ्यावर चढला. गादी खाली आणली. मला म्हणाला, "ताई, कडेने उसव. कात्री हळू चालव." मी उसवली. आतला कापूस दबून पिवळट झाला होता. त्याने तो ओंजळी ओंजळीने यंत्रात घातला, आणि काय सांगू, पांढरा शुभ्र होऊन बाहेर आला, हवेत उडायला लागला. माझ्या भावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. यंत्र चालूच. वसतिगृहाच्या पलंगाचं माप मागवून त्याने त्याच कापसाची गादी भरली, त्यात नवीन फक्त मूठभर. टाके घालताना पलीकडे मी बसले. माझे टाके वाकडे येत होते, पण त्याने एकही उसवला नाही.

"तिला सांगणार ना?" मी विचारलं.

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला. ती हे सगळं मागे टाकून चाललीय ना? मग तिच्यावर ओझं नको. तिला नुसती झोप लागली पाहिजे. आई खाली आहे हे मला माहीत असलं तरी पुरे."

त्याला एवढंच हवं होतं. पोर परक्या गावात, परक्या खोलीत आईच्या अंगावर झोपावी. बाकी जगात त्याने कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

ठमी गेली. दर रविवारी फोन यायचा. सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ असायचं. खोलीत तिघी, न्हाणीघरापुढे रांग, गणिताच्या बाई कडक, संध्याकाळी सगळ्या मुली समुद्राच्या कठड्यावर बसून अभ्यास करतात, म्हणजे अभ्यास कमी आणि खिदळणं जास्त. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं कामही तिला मिळालं होतं, त्या खिडकीजवळच. पोर आनंदात होती, ते आवाजातच कळायचं. माझा भाऊ सगळं ऐकून शेवटी एकच विचारायचा, "झोप लागते ना?" ती म्हणायची, "छान लागते बाबा." "ऊन देतेस ना गादीला?" "देते." मग त्याचा तो आठवडा बरा जायचा. गिऱ्हाइकाशी दोन शब्द जास्त बोलायचा.

वर्ष होत आलं तसं त्याच्या डोक्यात घुसलं की गादी एकदा झोडून, फुलवून द्यायला हवी. पहिल्या वर्षी कापूस बसतो म्हणे. ठमी फोनवर "नको बाबा, कशाला एवढ्या लांब" म्हणत राहिली. याला वाटलं पोर आपल्याला त्रास नको म्हणून सांगतेय. नवीन खोळ शिवली, मोठी सुई, दोरा आणि कापूस झोडायची काठी घेतली. न कळवताच निघायचं ठरवलं. मला म्हणाला, "टाक्याला पलीकडे कोण बसणार? तू चल." गेले बाई.

रविवारी दुपारी वसतिगृहात घरच्यांना आत सोडतात. ठमी ग्रंथालयात गेलेली. तिच्या खोलीतली एक मुलगी होती, गोड पण तोंडाचा पट्टा चालू. "या ना काका, या ना, हा तिचा पलंग." खोलीभर दोऱ्या बांधून कपडे वाळत टाकलेले आणि एकही वाळलेला नाही. पुस्तकांची पानं फुगून वर आलेली. खिडकीची जाळी गंजून लाल. मी भिंतीला हात लावला तर हाताला ओल आली. माझ्या भावाने मात्र हातपायही न धुता चादर वर केली.

फोम होता. निळ्या कापडातला, पातळसा फोम.

"हिची कापसाची गादी?" त्याने विचारलं.

"अय्या, ती होय!" ती पोरगी म्हणाली. "ती तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच टाकली. काय वास यायचा काका! इथे कापूस वाळतच नाही ना. खालून सगळी काळी पडली होती. शेजारच्या खोलीतल्या एकीला घेऊन चौघींनी मिळून खाली नेली, एवढी जड झाली होती. कचऱ्याच्या गाडीवाल्यानेसुद्धा कटकट केली."

माझा भाऊ पलंगावर बसला. फोमवर तळवा टेकवून बसून राहिला. आमच्या गावची हवा कोरडी ठाक. ओलीने गादी मरते हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात ठमी आली. बापाला बघून आधी किंचाळलीच आनंदाने, गळ्यात पडली. मग तिला चादर दिसली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, मी सांगणार होते. तुम्ही इतक्या मेहनतीने केली होती, माझी जीभच रेटेना. मी खरंच ऊन द्यायला बघत होते, पण इथे गच्चीच नाही. मग मला खोकला लागला, वॉर्डनबाई म्हणाल्या ताबडतोब फेक..."

"खोकला?" माझा भाऊ म्हणाला. "कधी? औषध घेतलंस का?"

माझं डोकं फिरलं. "आणि दर रविवारी छान झोप लागते, छान झोप लागते, ते काय होतं?" मी ओरडले. "तुला कल्पना तरी आहे का त्या गादीत काय..."

"ताई!"

जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मग त्याने ठमीला जवळ बसवलं, तिचे डोळे आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसले. "रडतेस कशाला वेडे? मेहनत कसली त्यात, अर्ध्या दिवसाचं काम. दुकानातलाच साधा कापूस होता. मलाच कळायला हवं होतं, समुद्राकाठी कापूस कसा चालेल." मग फोम दाबून बघत म्हणाला, "हे चांगलं आहे. कुशीवर झोपतेस ना, तुला हेच बरं."

आणि ती हसली हो. सुटल्यासारखी हसली. तिच्या छातीवरचा दगड उतरला आणि तो कुठे गेला हे मला दिसत होतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, नाहीतर मी सगळं बोलून टाकलं असतं.

संध्याकाळी तिने आम्हाला समुद्रावर नेलं. आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. ठमीच्या तोंडाला खळ नव्हता. आम्ही इथे बसतो, ती बघा ग्रंथालयाची खिडकी, ते जहाज रोज याच वेळेला जातं. सगळा गाव सूर्य बुडताना बघायला कठड्यावर जमलेला. मधेच माझ्या भावाने विचारलं, "ठमे, इथला कचरा कुठे नेऊन टाकतात गं?"

"कचरा?" तिला गंमत वाटली. "तिकडे मागे, खाडीच्या पलीकडे. त्यावर माती टाकून रस्ता करतायत. झालासुद्धा अर्धा. का हो?"

"काही नाही. सहज."

तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला. तिकडे लांबवर रोलर फिरत होता. सगळी माणसं एकीकडे बघतायत आणि हा एकटा दुसरीकडे. दोन्ही हात कठड्यावर घट्ट धरलेले. माझ्याने बघवेना.

"अहो बाबा," ठमीने हसत हसत त्याचे खांदे धरले आणि त्याला फिरवलं, "समुद्र इकडे आहे."