ग्रुपवर गेलेला निरोप

मंगळवारी आमच्या ग्रामसभेने वरच्या आळीचा नळ देवळापाशी हलवायचा ठराव एकमताने केला. सभेचा निरोप फक्त मोबाइलच्या ग्रुपवर गेला होता. सभा उठताना वरच्या आळीच्या पार्वताकाकू आल्या.

“सरपंच, माझं पाणी मला न विचारताच नेलंत?”

“काकू, ग्रुपवर टाकलं होतं की.”

“माझ्याकडं मोबाइल कुठला? हलगी वाजली असती तर आले असते.”

हलगी वाजवून दवंडी देणारे बाबूराव पूर्वी सभेच्या दाराबाहेर उभे राहत; हलगीवाल्यानं आत बसायचं नाही, असा गावचा रिवाज होता. ग्रुप आल्यापासून ते आत खुर्चीवर बसतात. निरोपाची वाट बदलली, तशा सभेतल्या जागाही बदलल्या.

“घरोघर जाऊन सांगतो,” बाबूराव म्हणाले, “पण हलगी नाही वाजवणार.”

ठराव शुक्रवारच्या सभेपर्यंत स्थगित झाला. गुरुवारी बाबूराव काकूंच्या ओट्यावर बसून त्या सभेची वेळ सांगून आले.