मोहझरीची चूल

माहितीचं पुस्तक लिहिणाऱ्या ऑफिसात एक गोष्ट हमखास होते. पुस्तकात जे मावत नाही, ते माणसांच्या डोक्यात साचत जातं. आमचं पुस्तक एका तालुक्याचं होतं. भूगोल, इतिहास, लोकसंख्या असे तीन भाग, आणि सगळं कोरड्या भाषेत. 'इथे आम्हाला रडू आलं' असं लिहायची त्यात सोय नव्हती! म्हणून ते सगळं माझ्याकडे राहिलं. चार जण जमले की मी एखादा किस्सा काढते. लोक आधी हसतात, मग चहा थंड होईपर्यंत गप्प बसतात. हल्ली मला जरा कमीच बोलावतात.

आमचं ऑफिस नागपुरात, गांधीबागेत, कापडाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत. माणसं तीन. प्रमुख घाटे सर, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर आणि नियमाचे एकदम पक्के. दुसरी मी, रोज कामठीहून शेअर ऑटोने येणारी, सर सांगतील ते कॉम्प्युटरवर उतरवणारी. तिसरा देवराव, जीपचा ड्रायव्हर. तालुका नागपूरच्या पूर्वेला, भिवापूरच्या बाजूचा. देवराव त्याच भागातला, त्यामुळे रस्ता चुकायची भीती नव्हती. रस्ताच नाहीसा झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसं बरेचदा व्हायचं.

*

धरणाचं पाणी मागे पसरत आलं आणि तालुक्याचा एक कोपरा त्याच्याखाली गेला. सरांकडचा नकाशा त्याच्या आधीचा. त्यावर एका गावाचा बस स्टॅण्ड ठळक दाखवला होता, आणि सरांना त्याची जागा स्वतः बघायची होती. देवरावने मासे धरणाऱ्या एका काकांना गाठलं आणि आम्हाला त्यांच्या डोंग्यात, म्हणजे अरुंद नावेत, बसवलं. सर मांडीवर नकाशा पसरून बसलेले, आणि मी जीव मुठीत धरून!

बरंच आत गेल्यावर सरांनी विचारलं, "बस स्टॅण्ड कोणत्या बाजूला यायचा हो?"

काकांनी डोंगा थांबवला आणि हातातला बांबू सरळ खाली सोडला. टक् असा आवाज आला.

"हे त्याचं छत व्हय जी," काका म्हणाले. "उतरता काय?"

सरांनी नकाशाची घडी घातली.

*

इतिहासाच्या भागाला मात्र सुरुवातीला मजा आली. कुठल्याही गावात जा, तिथल्या विहिरीवर भोसले राजाचा घोडा पाणी प्यायलेला! एका गावात तर त्याच्या टापेचा ठसा दाखवला. तो बैलाचा होता. जीपमध्ये बसल्यावर सर एवढंच म्हणाले, "एवढं पाणी पिऊन तो घोडा परत नागपूरला पोचला कसा, हा खरा इतिहास आहे!"

मग एक गाव असं लागलं की तिथे कडुनिंबाखाली एकच म्हातारबाबा बसलेले. बाकी गाव कामाला बाहेर, किंवा कायमचंच बाहेर. सरांनी विचारलं, "बाबा, तुमच्या गावात पूर्वी कोण येऊन गेलं?"

बाबांनी खूप वेळ आठवून बघितलं. "कोणीच नाई आलं जी."

"राजा, साधू, एखादा पुढारी?"

"नाई. बस येत होती, ते बी बंद झाली." मग आमच्या जीपकडे बघून त्यांचा चेहरा जरा खुलला. "तुम्ही आले ना आज! तेच लिहा मंग."

ऑफिसात आल्यावर मी ती ओळ खरंच टाइप केली. सरांनी ती खोडली, पण खोडायच्या आधी पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक आपल्याला जड जाणार आहे.

*

लोकसंख्येसाठी सरांचा एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमामुळेच घडलं, म्हणून नीट सांगते. सर म्हणत, माणूस चुलीवर मोजायचा. गॅस असो, स्टो असो, तीन दगड असोत, रोज ज्या चुलीवरचं खातो, त्या घरचा तो माणूस. कागद काय वाट्टेल ते सांगो!

एका गावात कौसल्याबाई नावाच्या मावशींना विचारलं, "घरात माणसं किती?"

"सहा," मावशी म्हणाल्या. "थोरला पुण्याले, सून त्याच्यासंगं, नातवंडं दोन, धाकला बुटीबोरीले कंपनीत, अन् मी."

सर म्हणाले, "मावशी, या चुलीवर जे जेवतात तेवढेच सांगा."

"सण आला का सारेच जेवतेत जी."

"तसं नाही. रोज कोण जेवतं?"

"रोज?" मावशी हसल्या. "रोज तं मी बी नाई जेवत!"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सहाच लिही वं पोरी. कोण येते मोजाले." मी सरांकडे बघितलं. सरांनी एक बोट वर केलं, आणि मी एक लिहिलं. जीप सुटेपर्यंत मावशी दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

*

सर स्वतःबद्दल कधी बोलत नसत. एकदा ताप आला म्हणून ते ऑफिसला आले नाहीत, तर देवराव आणि मी तपासायची पानं घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी गेलो. सरांनी थर्मासमधला चहा दिला. चहा गल्लीतल्या टपरीवरचा, जेवणाचा डबा खानावळीचा. कप विसळायला मी आत गेले तर ओटा अगदी लख्ख! शेगडीवर इस्त्री केलेला टॉवेल पसरलेला आणि त्यावर चष्म्याची घरं, औषधं, जुने पेपर.

"तुमची काकू गेल्यापासून पेटवली नाही," सर दारात येऊन म्हणाले. "सिलिंडर भरलेला आहे. ती गेली त्याच आठवड्यात आला होता."

मी कप विसळले. देवराव ओट्याकडे बघत उभा होता.

*

आता देवरावच्या गावाची गोष्ट. गाव मोहझरी. शेतं धरणाच्या पाण्यात गेली, पण गाव उंचावर असल्याने वाचलं. नुसत्या उंचावर जगायचं कशावर? सगळी घरं पुनर्वसनाच्या वसाहतीत हलवली. तिथे तीन गावं एकत्र आणून बसवली आणि पाटीवर नाव लावलं तिघांतल्या मोठ्या गावाचं. मोहझरीचं नाव कुठेच उरलं नाही.

आमच्याकडे ज्या गावाला नाव आहे, शीव आहे, पण माणूस नाही, त्याला 'रिठी' म्हणतात. पुस्तकात वस्तीच्या गावाला एक परिच्छेद मिळायचा, त्यात त्याची विहीर, देऊळ, नाला, झाडं, सगळं. रिठीला काहीच नाही. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात नुसतं नाव आणि पुढे कंसात 'रिठी'.

देवरावला तो परिच्छेद हवा होता. कामाला लागल्यापासून त्याचं तेच चाललेलं. "पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवर मुक्काम मोहझरी टाक म्हटलं, तं छापणारा विचारते, हे कोठी आलं गा? आता पुस्तकात तरी असू द्या सर. पोरीले दाखवता येईन."

"जाऊन बघू," सर म्हणाले.

गेलो. माणसांनी जाताना दारं, खिडक्या, कौलं, विटासुद्धा काढून नेलेल्या. मागे नुसती घरांची जोती उरलेली. सर एका जोत्यावरून सरळ चालत गेले. देवराव मात्र वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला, एका जागी चपला काढल्या आणि मग आत आला.

"सर," तो म्हणाला, "भिंतीतून काहून येऊन राहिले? दार इकून हाय."

मी हसले. सर हसले नाहीत. ते खाली उतरले, वळसा घालून गेले आणि दाराच्या जागेतून आत आले.

देवरावने आपल्या जुन्या चुलीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, चहा ठेवला. चहा झाल्यावर अगदी साळसूदपणे म्हणाला, "लिहा सर, चूल एक!"

"पाहुण्याची चूल धरत नाहीत, देवराव. रात्रीचा मुक्काम लागतो."

"पाहुणा? मी?" देवरावचा आवाज चढला. "ठीक हाय, आज रात्री झोपतो अथीच!"

"झोपलास तरी उपयोग नाही. तुझी चूल वसाहतीत पेटते. एक माणूस दोन चुलींवर धरता येत नाही."

नियम तर बरोबर होता. देवरावने उरलेला चहा विस्तवावर ओतला. सरांचा मला फार राग आला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं डबा खायला बसलो. देवरावची मिरचीची चटणी, भिवापुरी, नुसत्या वासाने ठसका लागेल अशी. एरवी तो आधी सरांना वाढायचा. त्या दिवशी वाढली नाही.

सरांनी खानावळीचा डबा उघडला. मोहझरी रिठीत टाकायची, असं मला सांगितलं आणि पोळी मोडली.

देवराव खाली बघूनच म्हणाला, "सर, मंग महालातलं तुमचं घर बी रिठीच लिहा लागन."

सरांनी पोळी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, नळावर जाऊन हात धुतले. देवरावचं तोंड उतरलं. त्याने चटणीची डबी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत ती तिथे तशीच होती.

*

पुस्तक छपाईला जायची वेळ आली. सर म्हणाले, "सगळी पानं जाऊ देत. मोहझरीचं तेवढं थांबव." का, ते न सांगताच जेवणाच्या सुट्टीआधी घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. उशिरा येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फोन लावला, तो बंद. तेवढ्यात खानावळीचा माणूस काही कामाने वर आला आणि म्हणाला, "सरांनी डबा बंद केला ना कालपासून."

एकटा माणूस, तापातून नुकता उठलेला, आणि आपल्या ऑफिसात त्याला काय ऐकून घ्यावं लागलं होतं! देवरावचा चेहरा तर बघवत नव्हता. महालात गेलो, घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काल दुपारीच गेले की. हातात पिशवी होती, त्यातून पातेलं दिसून राहिलं होतं. मी म्हटलं, कुठे चालले जी? तर म्हणे, कामावर."

पातेलं हा शब्द ऐकला आणि देवरावने जीप सुरू केली. मला काही न विचारता थेट भिवापूर रोडला लावली. वाटेत कुठेही थांबला नाही.

मोहझरीच्या उंचवट्यावर धूर दिसला. बारीकसाच, पण सरळ वर जाणारा. देवरावने जीप खालीच सोडली आणि पळत सुटला. मी मागे धापा टाकत. वर पोचले तर तो जोत्याच्या बाहेर थांबलेला. दाराच्या जागेपाशी सरांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या.

सर आत बसले होते. अंगावर शाल, डोळे धुराने लाल, दाढी वाढलेली. त्याच तीन दगडांवर त्याच कोपऱ्यात पातेलं चढवलेलं, आणि करपल्याचा वास सगळीकडे. शेजारी अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

देवरावने चपला काढल्या, सरांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत गेला.

"सर, घरी चला," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"आधी लिही," सर म्हणाले. "मोहझरी. चूल एक, माणूस एक. रात्रीचा मुक्काम झाला. आणि परिच्छेद देवरावकडून नीट उतरवून घे, विहिरीचा राहायला नको."

"पण सर, तुम्ही नागपूरचे! एक माणूस दोन चुलींवर धरता येत नाही, तुम्हीच तर..."

"दुसरी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

देवराव विस्तवापाशी बसला होता. त्याने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि खिचडीचं शीत जिभेवर ठेवलं.

"मीठ नाई टाकलं जी," तो म्हणाला.

"मग टाक की," सर म्हणाले. "घर तुझं आहे."