सलीमची रायफल

१९९४ साल. माझं वय चौतीस, रँक नायक. आमची इंजिनियर कंपनी आसामात नदीकाठी होती. बोटी उतरवायच्या, पूल जोडायचा, सोडवायचा. रोजचं काम.

सलीम माझ्याच सेक्शनचा आणि माझ्याच उज्जैनचा, भैरवगढ़चा. त्याच्या घरी कपड्यावर छपाई चालायची. छापलेली कापडं शिप्रेत धुवायचे, तिथंच आम्ही पोरं पोहायला शिकलो. शाळा माझी तिथंच सुटली, त्याचं वाईट वाटत नाही. हातातून कापड सुटून बुडालं की सलीम बुडी मारायचा. बराच वेळ वर यायचा नाही. आम्ही बोंबलायचो. त्याचे अब्बा धुणं न थांबवता म्हणायचे, "आएगा. खाली हाथ नहीं आएगा."

त्या दिवशी दुपारी सरावात बोट उलटली. सगळे काठाला लागले. सलीमला काठावर उभं मीही पाहिलं. गिनती झाली तेव्हा तो नव्हता. त्याची रायफलही नव्हती.

सुभेदारसाहेबांनी जंगलाकडे पार्टी पाठवली. मला बाजूला घेतलं.

"तेरा यार हथियार लेके किधर गया?"

"साहब, नदीत बघा."

"किनारे पे खड़ा आदमी डूबेगा? वो भी ऐसा तैराक?"

माझी पेटी उघडून तपासली. मी जवळ गेलो की सेक्शनची पोरं बोलायची थांबत. वायरलेसवाला मजकूर तयार करत होता: एक जवान हथियार समेत फरार. तो मजकूर पुढे गेला असता तर पोलीस सरळ सलीमच्या अम्मीच्या दारात.

मी कंपनी कमांडर मेजरसाहेबांसमोर सावधान उभा राहिलो. "साहब, रायफल बुडाली. तो परत तिच्यामागे गेला. मला गोता मारू द्या. नाही मिळाला तर मलाही भगोडा लिहा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "रस्सी बांध."

उजेड जायच्या आत तिसऱ्या बुडीला माझा हात त्याच्या बुटाला लागला. पाय मासेमारांच्या जाळ्यात अडकला होता. रायफलीचा पट्टा मुठीत होता. मूठ सोडवायला दोघंजण लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारसाहेबांनी चहाचा मग पुढे केला.

"ले, पी ले."

"पहले फॉलिन में बोलो, साहब."

त्यांनी चहा खाली ठेवला, फॉलिनची शिट्टी मारली आणि कंपनी रांगेत उभी केली. मग बोलले, सगळ्या कंपनीसमोर, नाव घेऊन: सलीम भागा नहीं था.

मी निवलेला चहा प्यायलो आणि त्याला घरी न्यायला ट्रकमध्ये चढलो.