किशनरावांची शेवरले, ग्यानबाची प्लायमाउथ

सोनपेठला किशनराव मिस्त्रींची शेवरले ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. त्यांचे वडील एका वकिलाकडं ड्रायव्हर होते. वकील गाव सोडून गेले तेव्हा दोन जुन्या अमेरिकन गाड्या वडिलांना देऊन गेले. थोरल्या किशनरावांच्या वाट्याला शेवरले बेल एअर आली, आठ सिलेंडरची, वारा पिलेली. धाकट्या ग्यानबाला प्लायमाउथ. सहा सिलेंडरची, चढाला दम खाणारी.

"माझी घोडी, तुझी म्हैस," किशनराव भावाला चिडवायचे.

ग्यानबानं म्हैस मेंढवाड्यातल्या छपरात लावली ती लावलीच. तिच्यात कोकरं निजायची. किशनरावांनी मात्र शेवरलेवर जीव ओतला. पेट्रोल परवडेना, तर ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. बैलांची शिंगं रंगवावीत तशी दर पोळ्याला ऑइलपेंट मारून काढली. पाठीवर झूल घालायची तेवढी राहिली.

आता नजर अधू झालेली. पोरगा भंगारवाल्याशी बोलायलेला. अशात नांदेडचे डॉक्टर अनंतराव, जुन्या गाड्यांचे शौकीन, दोन्हींतली एक गाडी न्यायला येणार म्हटल्यावर किशनरावांना वाटलं, लेक चांगल्या घरी पडंल. शेवरले घेऊन ते मेंढवाड्यापाशी येऊन थांबले.

अनंतरावांनी बॉनेट उघडलं.

"मूळचं इंजिन कुठंय?"

"ते व्हय? इकलं की भंगारात. लय पेट्रोल प्यायचं. ह्याचा पिकअप तर बघा, साहेब!"

अनंतराव मटकन दगडावर बसले. "अहो, दोन्हींत पळायला हीच भारी, शौकिनांत मानही हिलाच. आहे तशी असती तर हिलाच नेलं असतं."

"म्हंजी मी काय करायला पायजे होतं?"

"काहीच नाही."

किशनरावांना वाटलं, साहेब थट्टा करायलेत. पण साहेब छपरात शिरले, हातानं लेंड्या बाजूला सारल्या, इंजिनावरची धूळ पुसून नंबर वाचला अन् हसले. "इंजिन मूळचंच. हीच नेतो."

ग्यानबानं आ वासला. "ही चालत न्हाई, साहेब!"

"चालेल. सगळं जागच्या जागी आहे."

"आवं, निदान धुवून तरी देऊ द्या!" ग्यानबाची बायको केवळाबाई बादली घेऊन धावली.

"पाणी नको! फडकंसुद्धा लावू नका, आहे तशीच हवी!" अनंतराव ओरडले. बाईच्या हातून बादलीच सुटली.

प्लायमाउथ दोरानं ट्रेलरवर ओढायची, तर स्टेअरिंगवर कुणीतरी पाहिजे. ग्यानबाला चालवता येत नव्हतं. मग किशनरावच बसले. गाडी वर चढली, साखळ्या आवळून झाल्या.

"भावजी, उतरा की आता," केवळाबाई म्हणाली.

किशनराव स्टेअरिंगवरच्या हॉर्नच्या कड्यावरून बोट फिरवत होते. "असंच कडं माझ्या गाडीलाबी होतं," ते म्हणाले. "खुळखुळ वाजायचं. मीच काढून फेकलं."