आपली घाण आपण

लग्न होऊन मी उत्रोलीला आले, त्याच्या पहिल्याच रविवारी सकाळी माझे सासरे मोरीत पाटावर बसून कशाला तरी अंघोळ घालत होते. पाठमोरे होते. तोंडाने पुटपुटणं चाललं होतं, म्हणून मला वाटलं, मांजराचं पिल्लू असेल. पुढे होऊन बघितलं तर माझ्या माहेरून आलेल्या कोऱ्या बादलीत काळंभोर पाणी, त्यावर तेलाचा तवंग, मेंढीच्या लोकरीचे झुबके, मेलेले किडे, आणि सासऱ्यांच्या हातात चुण्याचुण्यांची एक चौकोनी जाळी. त्यांच्या पिकअपच्या इंजिनाचा एअर फिल्टर होता तो. मला उमासा आला. तोंडाला पदर लावून मी मागच्या दारी पळाले. त्या घरातलं माझं पहिलं भांडण त्या बादलीवरून झालं.

सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, मीही तात्याच म्हणू लागले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा वरव्याजवळच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तात्यांचा धंदा भाड्याचा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरून शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायच्या आणि येताना भाताच्या खाचरांसाठी लेंडीखताची पोती आणायची. रस्ता नेहमीच उकरलेला. गाडीने आठवडाभर जी धूळ, जी लेंडी, जो कोंडा ओढून घेतलेला असे, तो सगळा रविवारी माझ्या मोरीत उतरायचा. आणि मी घरी ब्लाउज शिवणारी बाई, कापडाला बोट लावण्याआधी हात धुणारी. देव जोड्या लावताना फार विचार करत नसावा.

खरं तर बहुतेक गाड्यांना कागदाचा फिल्टर असतो. मळला की फेकायचा, दुसरा घालायचा. तात्यांनी मात्र मुद्दाम सुती जाळीचा, धुऊन परत वापरायचा बसवून घेतला होता. मी एकदा सरळ म्हणाले, "तात्या, कागदाचा घाला ना. सुटू आपण सगळे."

"वापरायचं आन् फेकायचं? शी!" तात्यांचं तोंड खरोखर वाकडं झालं. "आपुन घान करायची आन् ती दुसऱ्यानं उचलायची व्हय? आपली घान आपुन धुवावी, पोरी. त्यात लाज न्हाई."

म्हणजे किळस त्यांनाही होती, फक्त ती भलत्या ठिकाणी होती. उघड्यावर मेलेलं कुत्रं ते हाताने उचलून पुरायचे, पण पाहुण्याने उष्टं ताट तसंच ठेवून हात धुतले की त्यांना दिवसभर जेवण जायचं नाही. स्वतःचं ताट ते स्वतः घासायचे. स्वतःचा सदरा मला कधी धुऊ दिला नाही. सुरुवातीला मला वाटलं, माझ्या धुण्यावर भरवसा नसावा. मग कळलं की अंगाचा घाम दुसऱ्याच्या हाताला लागणं हीच त्यांना किळसवाणी गोष्ट वाटायची.

फिल्टर धुण्याचं त्यांचं तंत्र मात्र मी इच्छा नसताना पाठ केलं. आधी हलकेच थोपटून सुकी धूळ झाडायची. मग साबणाचं पाणी लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, ब्रश घालायचा नाही. नंतर आतल्या स्वच्छ बाजूने बारीक धार सोडायची. "घान जिकडनं आली तिकडनंच तिला भाईर काढायची, आत रेटायची न्हाई," असं म्हणत ते लहान लेकराचं डोकं धुवावं तशी जाळी तिरकी धरायचे. सावलीत वाळवायची. वाळली की चुणीचुणीवर तांबड्या तेलाचा बारीक हात फिरवायचा, कारण तेलाशिवाय धूळ अडत नाही, आणि जास्त झालं तर इंजिनात जातं. हे सगळं उत्तम होतं. पण ती जाळी ते माझ्या कपड्यांच्या दोरीला टांगायचे! एका गिऱ्हाइणीच्या मोतिया ब्लाउजवर तांबडा थेंब पडला, तेव्हा मी तात्यांशी दोन दिवस बोलले नाही.

एकदा ते धनगरांची माणसं घेऊन जत्रेला गेले होते. त्या रविवारी बादलीतलं पाणी पिवळं झालं. उधळलेला भंडारा फिल्टरमध्ये शिरला होता. तात्या एकदम थांबले, बादली उचलून परसात गेले आणि ते पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं.

"मोरीत का नाही टाकलं?" मी विचारलं.

"देवाचा भंडारा हाय. मोरीत सोडू व्हय?"

"आणि त्यात लेंड्या आहेत त्या?"

"त्या बी मेंढरांच्या. मेंढरं कुनाची? देवाचीच." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. त्या शेवग्याच्या शेंगा मी पुढे वर्षभर खाल्ल्या नाहीत.

नवऱ्याने एकदा माझी बाजू घेऊन तो फिल्टर परस्पर हायवेवरच्या एका सर्व्हिसिंगवाल्याकडे दिला. त्यांनी हवेचा जोरदार फवारा मारून पाच मिनिटांत साफ करून दिला. तात्यांनी जाळी सूर्याकडे धरली. सुताला बारीक भोकं पडली होती. ते सर्व्हिसिंगवाल्याला काही बोलले नाहीत. लेकाला म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याची घान न्हाई, त्याला घाई. दुसऱ्याच्या हातात दिली की असंच हुतं." नवी जाळी आली आणि रविवार पुन्हा सुरू झाले.

मग वेल्ह्यात खताची पोती उतरवताना तात्या गाडीच्या मागच्या फळीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा ते खाटेवरून हलू शकत नव्हते. नवरा पाळीला गेला की दिवसभर मी आणि तात्या. शौचाचं भांडं द्यायचं, पुसायचं, चादर बदलायची, सगळं माझ्याकडे.

पहिल्या दिवशी तात्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी भाकरी अर्धी ठेवली. चौथ्या दिवसापासून "भूक न्हाई" सुरू झालं. पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं. डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं नाही तर हाड जुळणं राहू दे, माणूस हातातून जाईल. नवरा रडकुंडीला आला. मला मात्र काय चाललंय ते कळलं होतं. तात्या खात नव्हते, कारण खाल्लं की भांडं लागणार होतं.

वरव्याहून नणंद आली. बापाच्या उशाशी बसून म्हणाली, "तात्या, आमाला कसली आलीय किळस? तुमी आमचे बाप. आमाला काय बी वाटत न्हाई." बोलत होती तेव्हा तिने पदर नाकाला लावला होता, तिच्याही नकळत. तात्यांनी तो बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मऊ भात घेऊन गेले. "ठेव तितं," ते म्हणाले. त्या "ठेव तितं" ने माझं डोकं फिरलं.

"तात्या, तुम्ही का जेवत नाही ते मला समजतंय."

ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुला किळस येत न्हाई?"

"येते," मी म्हणाले. "खूप येते. तुमच्या त्या फिल्टरची यायची त्याच्या दसपट येते. काल मागच्या दारी जाऊन ओकले मी."

तात्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"मग कशाला करती?"

"करायचं आहे म्हणून. किळस माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. ती घालवायला तुम्ही उपाशी मरायचं कारण नाही. असं माझ्या किळसेला घाबरून मेलात ना, तर त्याची मला जन्मभर किळस येईल."

सासऱ्यांशी कुणी असं बोलत नाही हे मलाही माहीत आहे. तात्या म्हणाले, "तू खोटं न्हाई बोलत. पर एक करायचं. पानी म्या घालनार. हात चालत्यात माझं."

"घाला."

"दे भात."

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. मी भांडं आणि कापड घेऊन आले की तात्या आधी हुकूम सोडायचे, "नाक दाब." मी नाक मुरडायचे, ते तांब्या हातात घ्यायचे, आणि एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आम्ही काम उरकायचो. मी घाईने घासायला लागले की ओरडायचे, "घासू नको, पान्यानं निघंल." मला शेवटपर्यंत त्याची सवय झाली नाही. रोज किळस यायची, रोज मी तसं सांगायचे, आणि रोज तात्या पोटभर जेवायचे. भेटायला येणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "तोंड बगा तिचं कसं करती. लई घान वाटती तिला." मला हे माणूस फार आवडायचं, हे त्या दिवसांत मला कळलं.

ते चालू लागले नाहीत. सुगी होईपर्यंत होते. मग छातीत कफ झाला आणि दोन-तीन दिवसांत गेले.

दहाव्यानंतर आळीतल्या बायका बसायला आल्या होत्या. त्यांच्यातली थोरली माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लेकीनं केलं नसतं एवढं केलंस, बाई. समदं काढलंस, पर एकदा म्हनून नाक मुरडलं न्हाईस."

मला असा संताप आला की काय सांगू. तिला वाटलं ती माझं कौतुक करते आहे. ती तर मला खोटी ठरवत होती, तेही तात्यांच्याच घरात.

"मुरडलं," मी म्हणाले. "रोज मुरडलं. खरं वाटत नसेल तर विचारा तात्यांना."

आणि मी तात्यांची खाट असायची त्या कोपऱ्याकडे हात केला. बायका तिकडे बघू लागल्या. मीही बघितलं. मग मात्र मला रडू आवरेना.