खांद्यावरचं घर

वेल्लांगच्या आईला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारं माणूस आता गावात उरलं नव्हतं. वेल्लांग समुद्रापलीकडे मलेशियात ताडाच्या मळ्यावर राबत होता आणि वर्षादोन वर्षांनी एकदा तोंड दाखवत होता, पण त्याचं नाव मात्र रोज गावभर फिरायचं. वेल्लांगची आई, घरात हळद आहे का? वेल्लांगची आई, तुझी कोंबडी माझ्या वाफ्यात शिरलीय. तिला ते आवडायचं. पोरगं दूर असलं तरी त्याचं नाव घरादारात वावरतं आहे, असं वाटायचं.

तिचं एक खाचर होतं, दोन पिकांचं. नवरा होता तेव्हा दोघं लावणी करत. नवरा गेल्यावर तिने दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जायचं आणि दुसऱ्यांनी तिच्या खाचरात यायचं, असं सुरू झालं. पैशाचं नाव त्यात कधी निघालं नाही. कापणीला गेली तर हिश्शाचं भात घेऊन आली, आणि गावात कुणाचं घर हलवायचं असलं की बारोंग्को करायला तिलाच बोलावणं यायचं. पिकलेली केळी कुस्करायची, त्यात अंडी, नारळाचं दूध आणि साखर घालायची, केळीच्या पानात बांधून वाफवायचं. सगळ्याच बायका हे करतात, पण वेल्लांगच्या आईच्या हातचा बारोंग्को जिभेवर ठेवला की नाहीसा व्हायचा. पुरुष उघड म्हणायचे, "घर कुणाचंही असो, रांधणार कोण ते आधी सांगा."

या गावातली घरं उंच खांबांवर उभी असतात आणि एका जागी बसून राहत नाहीत. भावाभावांत वाटणी झाली, जावई शेजारी राहायला आला, की घराखाली बांबू बांधायचे, शुक्रवारच्या नमाजानंतर साऱ्या गावाने खांदा द्यायचा आणि घर उचलून न्यायचं. वेल्लांगच्या आईने अशी कितीतरी घरं चालताना पाहिली होती. तिचं स्वतःचं मात्र लग्नापासून दिराच्या जागेत उभं होतं.

दीर, ला सुपू, भला माणूस. भात मळून झाल्यावर एका सकाळी तो घराखाली येऊन बसला. कॉफी संपली तरी उठेना.

"काय ते बोला भाऊजी," ती म्हणाली. "पेला रिकामा झालाय, आता त्यात काय शोधताय?"

"पोराचं लग्न ठरलं, वहिनी."

"मग तोंड असं का? मुलगी आंधळी आहे काय?"

"घर बांधायला जागा..." एवढंच बोलून तो घराच्या खांबांकडे पाहत राहिला.

तिला कळलं. तिने वरच्या जमिनीच्या फळ्यांकडे पाहिलं, खांबांच्या खालच्या दगडांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या खाचराच्या पलीकडे नारळाखाली उंचवटा आहे. तिथे नेऊ."

बोलणं सोपं होतं. उंचवट्याकडे जायची वाट खाचरांमधूनच होती. कापणी झाली आणि पुढच्या पिकाचं पाणी अजून सुटलं नाही, एवढ्या मोकळ्या दिवसांतच घर तिकडून जाऊ शकत होतं. आणि पाटकऱ्याने तर मशिदीच्या भोंग्यावरून सांगूनही टाकलं होतं की सोमवारी पाणी सुटणार. म्हणजे हाती होता एकच शुक्रवार. तो चुकला तर पुढची कापणी येईपर्यंत घर जागेवरच, आणि दिराच्या पोराचं लग्न अडलेलं. वहिनीमुळे अडलं, असं कुणी तोंडावर म्हणालं नसतं. पण वेल्लांगच्या आईला न बोललेलंही ऐकू यायचं.

त्यात गावातले तरणे गडी नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत कापणीला गेले होते. तिकडचं भात उशिरा पिकतं. उरलेले खांदे पुरतील की नाही, ही धाकधूक तिला सारा आठवडा होती.

त्याच आठवड्यात हाम्मा आला. हाम्मा म्हणजे बदकवाला. ट्रकभर बदकं घेऊन तो आणि त्याचे भाऊबंद कापलेल्या खाचरांच्या मागे मागे जिल्हाभर फिरायचे. सांडलेले दाणे, गोगलगाई, किडे, सगळं बदकं टिपून साफ करत. गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे त्याला हाकललं, बांध फुटतात म्हणून. वेल्लांगच्या आईने नेहमीप्रमाणे आत घेतलं.

"भाडं अंड्यांत," तिने बजावलं. "आणि मोजताना लहान अंडी टोपलीच्या तळाशी लपवायची नाहीत. गेल्या खेपेला पाहिलंय मी."

"काकी, बदकं लहान होती, मी काय करू?" हाम्मा हसला. "बरं, पाटात साचलंय त्यातलं थोडं पाणी घेऊ का खाचरात? चोच भिजल्याशिवाय यांना घास उतरत नाही."

"घे की. पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

हे बोलताना शुक्रवारी आपलं घर याच खाचरातून जायचंय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात होती फक्त अंडी. एवढ्या अंड्यांचा बारोंग्को झाला की आजारी माणूससुद्धा खांदा द्यायला उठेल.

शुक्रवारी पहाटे तिने चूल विझवली. घर चालतं तेव्हा त्यात विस्तव ठेवत नाहीत, आणि नव्या जागी पहिला विस्तव घरधनिणीनेच पेटवायचा असतो. तोवर कुणी खात नाही. बारोंग्को आदल्या दिवशीच शेजारणीच्या, बेस्सेच्या, चुलीवर वाफवून झाला होता, पण बाकी जेवण बेस्सेच्या हाती होतं आणि वेल्लांगच्या आईचा जीव तिथे अडकला होता.

"मासळीत चिंच कमी घाल!" ती ओरडली.

"तू आज नवरी आहेस. गप बस!" बेस्सेने उलट ओरडून सांगितलं.

नमाज झाला. पुरुष आले. कमी होते, पण आले. कमरेचे सारोंग गुडघ्यावर खोचून त्यांनी बांबूंखाली खांदे घातले. वेल्लांगची आई आत, घराच्या नाभीच्या, म्हणजे मधल्या मानाच्या खांबाला टेकून बसली. मांडीवर पाण्याची घागर, ओच्यात मूठभर तांदूळ. घर रिकामं नेत नाहीत. पुढे ला मप्पा उभा राहिला. चालणाऱ्या घराला हाळी देण्याचा मान त्याचा. अंगात मांस उरलं नव्हतं, पण आवाज तसाच होता.

"उचला रे! आत वेल्लांगची आई आहे, हलकीच आहे! जीभ तेवढी जड आहे!"

हशा झाला आणि त्या हशातच घर दगडांवरून सुटलं. फळ्या करकरल्या. घागरीतलं पाणी डुचमळलं. खिडकीबाहेर दिराचा आंब्याचा शेंडा मागे सरकायला लागला, आणि तिला वाटलं, आपण होडीत बसलोय. पहिलं खाचर गेलं. दुसरं गेलं. मग तिचं स्वतःचं आलं, आणि घर एका अंगाला कललं.

"खाली! खाली ठेवा!" ला मप्पाची हाळी फाटली.

तिने खिडकीतून डोकं काढलं. पुरुष पोटरीपर्यंत चिखलात. घराचे खांब हळूहळू रुतत होते. चोहीकडे बदकांच्या पायांची नक्षी.

"हे काय केलंस, वेल्लांगची आई?" खालून कुणीतरी हाक दिली. "बदकांना तळं करून दिलंस?"

"बदकांची सासू झाली!"

"आता सोमवारी पाणी येईल तेव्हा होडीने घरी जा!"

एरवी एकेकाला उत्तर दिलं असतं. आता ती घागर घट्ट धरून बसली. चूक तिचीच होती. तिच्याच तोंडाने तिने पाणी घ्यायला सांगितलं होतं. घर ना इकडचं ना तिकडचं, आणि खांदे दमलेले. दीर चिखलात उभा राहून वर बघत होता. ते बघणंच तिला टोचलं.

बांधावरून कुणीतरी धावत येत होतं. हाम्मा. मागे त्याचे भाऊबंद, प्रत्येकाच्या डोक्यावर बदकांच्या कोंडवाड्याची बांबूची ताटी.

"काकी, हलू नका!" तो ओरडला.

"हलायला काय मी बदक आहे?" ती ओरडली, आणि तिचा आवाज तिला परत सापडला.

त्यांनी ताट्या चिखलावर अंथरल्या, वर पेंढा टाकला. कोंडवाडा उघडा पडला आणि बदकं मोकाट सुटून कलकलत गावभर पांगली. त्यांच्याकडे न बघता हाम्माच्या माणसांनी बांबूंखाली खांदे घातले. परगावच्या माणसांनी या गावचं घर उचलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ला मप्पाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"उचला रे! बदकवाल्यांच्या आधी तुम्ही थकलात तर आज रात्री बायका दार उघडणार नाहीत!"

चिखलाने मोठा आवाज करून खांब सोडले. मागची ताटी उचलायची, पुढे टाकायची, परत मागची. असं करत घर नारळाखालच्या उंचवट्यावर चढलं आणि दगडांवर टेकलं.

"जरा वाकडं बसलंय," ला मप्पा डोळे बारीक करून म्हणाला. "परत उचलू?"

पुरुषांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. वेल्लांगच्या आईने खिडकीतून पाहिलं. जुन्या जागी तिला दिराची भिंत दिसायची. इथे समोर तिचं खाचर होतं आणि घर वाकडं बसल्यामुळे कोपऱ्यातून रस्ताही दिसत होता, वेल्लांग येतो ती तालुक्याची गाडी जिथे थांबते तिथपर्यंत.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी पण वाकडीच आहे."

तिने चूल पेटवली. धूर छपरातून निघाला तसे सगळे घराखाली पानं घेऊन बसले. बारोंग्कोचा पहिला पुडा तिने हाम्माला दिला, दुसरा दिराला. बेस्सेची मासळी आंबट झाली होती आणि तसं सांगायला वेल्लांगची आई विसरली नाही.

सोमवारी पाटाला पाणी आलं. वेल्लांगची आई शिडीच्या पायरीवर कॉफी घेऊन बसली होती. पाणी खाचरभर पसरत उंचवट्यापर्यंत आलं. त्याच्या मागोमाग शुक्रवारी हरवलेल्यांतली उरलेली बदकं पोहत आली आणि घराखाली शिरली. तेव्हापासून त्यांना शोधत फिरणारा हाम्मा बांधावर येऊन थबकला.

"काकी, ही माझी."

"माझ्या घराखाली आहेत," ती कॉफी फुंकत म्हणाली. "भाडं पडेल."

"अंड्यांत?"

"मोठ्या अंड्यांत. लग्न आहे घरात."