पहिल्या ओळीतलं पोहणं

लेक विद्यापीठात आर्थिक नियोजन शिकते. सरावासाठी घरातल्याच कुणाला तरी ग्राहक मानून त्याची योजना आखायची होती. तिने आईला निवडलं. काल दुपारी दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. मी पेपर वाचत असल्यासारखा शेजारीच.

"ग्राहकाला अहोजाहो करायचं असतं," असं बजावून लेकीने विचारलं, "तुमचं उद्दिष्ट काय?"

"तुझं लग्न," बायको लगेच म्हणाली.

"ते माझ्यासाठीचं उद्दिष्ट झालं. तुमचं स्वतःचं सांगा."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लेकीला घाई नव्हती.

"मला पोहायला शिकायचंय. नदीकाठी वाढले, पण राहूनच गेलं."

लेक हसली नाही. तिने ते वळणदार अक्षरात पहिल्याच ओळीत लिहिलं. घरखर्च चोख सांभाळला म्हणून मी आजवर मिरवत आलो, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पोरीला तो सुचला, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसताही आलं. माझा ऊर भरून आला.

"कधीपर्यंत?" तिने पुढचा प्रश्न विचारला.

"याच उन्हाळ्यात," बायको म्हणाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे न बघता काहीतरी ठरवलं होतं.